कप्तान जिवंत आहे, असं मी सांगत राहिले

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. शबानाला नाही, जिच्यापासून माझं काही लपत नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि कारण धुळ्याच्या स्टँडवर साक्रीची गाडी अजून लागलेली नाही. ती लागायच्या आत हे एकदा शब्दांत बसवून बघायचंय. तिथे पोचल्यावर ततपप झालं तर चालणार नाही.

गोष्ट एका सिरियलची आहे. हसू नका. म्हणजे — हसा, पण पुढचं ऐका.

'ध्रुवयान' नावाची ती सिरियल मी लहान असल्यापासून लागते. पृथ्वीचा रस्ता हरवलेलं एक अंतराळयान, त्यातली माणसं, आणि त्यांचा कप्तान. दर रविवारी सकाळी नवा ग्रह. कप्तानाचा एकच नियम होता — मागे कुणाला सोडायचं नाही. इंधन संपो, यान मोडो, जो खाली राहिला त्याच्यासाठी परत फिरायचं.

आमच्या गावात ती मी आणि नाना, आम्ही दोघंच बघायचो. नाना म्हणजे माझे थोरले काका. साक्रीच्या पुढे डोंगराकडे आमचं गाव, तिथे त्यांची पिठाची गिरणी. आईबाबा दर वर्षी ऊसतोडीला गुजरातेत जायचे, तेव्हा मी नानांकडे. आठवीत माझी शाळा सुटली ती सुटलीच. घरातले म्हणायचे, पोरीच्या जातीला काय करायचीत ती विमानं? नाना म्हणायचे, "देखू द्या तिले. तिले समजस." तिला समजतं — माझ्याबद्दल असं कुणी म्हणायची ती पहिली वेळ. तुम्हाला कुणी म्हटलंय असं? मग कळेल तुम्हाला, मी त्यांची किती देणेकरी आहे ते. लग्नही त्यांनीच लावलं, जळगावात, मेहरूणला, आणि नवऱ्याला बजावून सांगितलं की रविवारी सकाळी हिला काम सांगायचं नाही.

आता गिरणीचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

आमच्याकडे लाईट कधीही जाते. दळण अर्धं झालेलं असतं, डबा गिरणीत अडकलेला, घरी कसं जाणार? मग माणसं पोत्यांवर बसून राहतात. आणि नाना गोष्ट सांगतात. यानाची. त्या आठवड्याचा भाग, हातवाऱ्यांसकट. पट्टा थांबला की बाया लगेच विचारायच्या, "नाना, यान कथं पोचनं?" कुठवर पोचलं? सुरुवातीला ते टीव्हीवर बघून सांगायचे. मग सिरियल फुकटच्या डिशवरून गेली, मोबाईलच्या ॲपवर आली. गावात रेंज बोलण्यापुरती. मला मात्र मेहरूणला शबाना भेटली. शेजारच्या शिंप्याची मुलगी, माझ्यासोबत चटईच्या कारखान्यात, आणि यानाची माझ्याहून वेडी. तिच्या मोबाईलवर आम्ही भाग बघायचो. दुपारी मी नानांना फोन करून सगळा भाग सांगायची, आणि नाना तो आठवडाभर गावाला.

किती चांगलं चाललं होतं.

मग सिरियलवाल्यांना काय झालं, देव जाणे. नवीन माणसं आली असतील लिहायला. यान अचानक पृथ्वीवर येऊन पोचलं — इतकी वर्षं सापडत नव्हता तो रस्ता एका जाहिरातीच्या आत सापडला. मग यान उभं राहिलं आणि माणसं बंगल्यात राहायला गेली. जुळ्या बहिणी आल्या. मृत्युपत्र आलं. यंत्रं सांभाळणारी जी बाई मला सगळ्यात आवडायची, जी पान्याने दार उघडून सगळ्यांना वाचवायची, ती आता जिन्यावर उभी राहून रडायची. शबाना म्हणाली, "यान विकून मंगल कार्यालय घेतलं की काय यांनी?" हसलो आम्ही. पण घरी येऊन मी भाकरी करताना खरंच रडले. तुम्ही म्हणाल, सिरियलसाठी? हो. सिरियलसाठी. ज्यांना शिकायला मिळालं नाही त्यांची शाळा असते हो ती.

आणि एका रविवारी त्यांनी कप्तानाला मारलं. लढाईत नाही, कुणाला वाचवताना नाही. लग्नाच्या मांडवात, कुणीतरी सरबतात काही घातलं म्हणून. पुढच्या मिनिटाला गाणं.

नाना तेव्हा तापाने पडून होते. फोनवर आवाज कसा बारीक झालेला. पहिलाच प्रश्न — कप्तान बरा आहे ना?

मी म्हटलं, बरा आहे.

बस. तिथून सुरू झालं. आजारी माणसाला चांगलं वाटावं म्हणून — असं मी स्वतःला फार दिवस सांगितलं. ते त्या एका दिवसापुरतं खरं होतं. पुढच्या रविवारी ताप उतरला होता. तेव्हा का नाही सांगितलं? कारण मला आवडलं होतं. मी मनानेच भाग रचला होता — काळ्या मातीचा ग्रह, तिथे आवाज पेरले की उगवतात — आणि नाना म्हणाले, असा भाग कित्येक वर्षांत झाला नव्हता. चटईच्या मशीनवर धागे बघता बघता मी पुढचा ग्रह ठरवायची. आठवीत शाळा सुटलेली बाई, आणि माझी गोष्ट अख्खा गाव ऐकतोय, शिकलेल्या लोकांची समजून. माज आला होता मला. दुसरा शब्द नाही.

माझा कप्तान दोन वर्षं जगला.

मग दिवाळीच्या सुट्टीत किरण आला. आमच्याच गल्लीतला मुलगा, धुळ्याला कॉलेजला. आईचं दळण घेऊन गिरणीत बसलेला, लाईट गेलेली, नाना रंगात आलेले. तो मध्येच म्हणाला, "नाना, कप्तान तर कव्हयच मरी गया. तुम्ही काय सांगी ऱ्हायनात?" कधीच मेला तो, तुम्ही काय सांगताय? कुणीतरी म्हणालं, नाना आता गोष्टीत घरचं पीठ टाकायला लागले. हशा झाला.

हे मला कसं माहीत? मी फोनवर होते. नानांनी सगळ्यांसमोर मला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि गिरणीतल्या लोकांना म्हणाले — "मन्ही पोर दर रविवारले देखस. ती खोटं बोलस नही." मग मला म्हणाले, "सुमन, बठ्ठा बसेल शेत आठे. सांग बरं, कप्तान जित्ता शे ना?"

सगळे बसलेत इथे. सांग, कप्तान जिवंत आहे ना?

मी कारखान्याच्या दाराशी उभी होते. मला किरणचं हसणं ऐकू येत होतं. मला वाटलं — आता सगळं गाव म्हणणार, सुमन खोटारडी. शाळा नाही, काही नाही, बसून थापा मारते. एवढंच वाटलं. नानांचं काय होईल, हे मनात आलंच नाही. आलं असतं तर वेगळं बोलले असते का? माहीत नाही.

मी म्हटलं, "नाना, मी तर तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं कप्तान गेला म्हणून. विसरलात वाटतं."

आणि हे मी आमच्या बोलीत नाही बोलले. जळगावच्या ऑफिसात बोलतात तसं स्वच्छ बोलले. खरं वाटावं म्हणून.

गिरणीत पुन्हा हशा. मग नानांचा आवाज, फोनपासून लांब गेल्यासारखा — "हां... मीच भुली गऊ व्हसू." मीच विसरलो असेन. तेवढ्यात कुणी ओरडलं, "लाईट उनी!" मोटर सुरू झाली आणि फोन कट झाला.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, बघा. स्वतःवर नाही ठेवला.

पुढच्या रविवारी मी फोन केला, तर त्यांनी भाग विचारलाच नाही. जेवलीस का, जावई कसे आहेत, एवढंच. लाईट गेली की आता ते बाहेर ओट्यावर जाऊन बसतात, असं वहिनी म्हणाली. वहिनी म्हणजे त्यांची सून. हळूहळू तिच्याकडून एकेक कळत गेलं. नानांना गावातला प्रत्येक डबा ओळखता यायचा, कुणाचा कोणता, कुणाला बारीक हवं, कुणाला भाकरीचं. आता ते हातातला डबा दोनदा विचारतात — "हाऊ कोनाना शे?", हा कुणाचा — आणि बरोबर सांगितलं तरी खडूने नाव लिहून ठेवतात. डोक्याला लावायचं तेल आणलंय. जत्रेतल्या कुण्या वैद्याची पावडर खातात. माणूस विसरत काहीच नाहीये. फक्त त्याला वाटतंय की आपण विसरतो.

मला हे कळत होतं. कळत होतं आणि मी "काळजी घ्या" म्हणत होते. फोनवर. दर रविवारी.

परवा वहिनीचा फोन आला. संजूदादा, म्हणजे नानांचा मुलगा, या अमावस्येनंतर गिरणी बंद करतोय. म्हणतो, विसरभोळ्या माणसाचा हात पट्ट्यात जाईल. चुकीचं नाही बोलत तो, त्याला जे ठाऊक आहे त्यावरून. नाना काय म्हणाले? हो म्हणाले. किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

त्या कप्तानाचा नियम मला पाठ होता. मी तर सिरियलवाल्यांवर चिडले होते, की यांनी नियम मोडला.

तर मी निघालेय. नवऱ्याला सांगितलंय, नानांना भेटून येते. फोनवर सांगता आलं असतं — पण फोनवर मी काय सांगते, ते तुम्ही पाहिलंत. आणि नानांना एकट्याला कोपऱ्यात नेऊन सांगायचं नाही. ते पोटात घालतील, माझ्या डोक्यावरून हात फिरवतील, आणि गाव त्यांना विसरभोळेच म्हणत राहील. जिथे बोलले तिथेच बोलायचं. आज साक्रीचा बाजार नाही, गिरणीवर गर्दी असणार. किरणची आई असेल. संजूदादा असेल. लाईट जायची वाट बघणार नाही, नाहीतर लाईट आहे म्हणून मी पुन्हा गप्प बसेन. मीच मोटर बंद करायला सांगणार आहे.

काय बोलायचं ते ठरवलंय. आमच्या बोलीत बोलणार. कप्तान मरून दोन वर्षं उलटून गेली. मी नानांना ते कधीच सांगितलं नाही. त्यानंतरचं सगळं मी रचलेलं आहे. फोनवर तुमच्या सगळ्यांसमोर मी खोटं बोलले, स्वतःला वाचवायला.

त्यापुढे ते काय म्हणतील, कोण हसेल, नाना माझ्याशी बोलतील का — ते त्यांचं. मी त्यासाठी चाललेली नाही.

साक्रीची गाडी लागली. बसते.

एक वाक्य राहिलंय, ते शेवटी, त्यांच्याकडे बघून म्हणायचंय. जिभेवर बसावं म्हणून सकाळपासून घोळवतेय.

नाना, तुम्ही काहीच भुलनात नही.