मंडळाचा ड्रेस आणि सोजरामावशी

माझी सोजरामावशी सेनगावात अंगणवाडी चालवायची आणि हौसेनं सायकल चालवायची. अंगणवाडीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. बाई दळण घेऊन सायकलवर गेली तर चालतं. नुसती वारा खायला गेली की गावाच्या पोटात दुखतं. तिला सायकल शिकवली संतरामकाकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं. दर रविवारी सकाळी दोघं दोन सायकलींवर पुसेगावच्या रस्त्यानं फिरायचे. काका कायम तिच्या उजव्या हाताला, गाड्यांच्या बाजूला.

काका दोन हजार पाच साली गेले. मावशीनं फिरणं सोडलं नाही, पण ती रस्त्याच्या कडेच्या मुरमावरून जायची. काकांची जागा मोकळी सोडायची. "बोलावं कोणासंग, पल्लवी?" एवढंच म्हणायची. मला फार वाईट वाटायचं, पण मला सायकल येत नव्हती.

दोन वर्षांनी सेनगावात सायकल मंडळ निघालं. त्याचे पुढारी अनिरुद्ध वकील. त्यांनी पुण्याहून गिअरच्या सायकली आणवल्या, डोक्याला हेल्मेट, डोळ्याला काळा चष्मा, अंगाला चिकटलेला पिवळाजर्द शर्ट आणि त्याहून चिकटलेली अर्धी चड्डी. बिनागिअरच्या सायकलवाल्याकडे ही माणसं अशी पाहायची, जणू तो बैलगाडी घेऊन विमानतळावर आलाय.

मावशीला मात्र मंडळ पाहून हर्ष झाला. सोबत मिळणार होती. धुवट पांढरं लुगडं नेसून ती वकिलांकडे गेली.

"वाईट वाटून घेऊ नका, मावशी," वकील म्हणाले, "पण लुगड्यावर कसं जमेल? ड्रेस नाही तर मंडळ नाही. आणि सीटवर ही गोधडी?"

मावशीनं जुन्या लुगड्याची गादी शिवून सीटवर बांधली होती. वकिलांच्या चड्डीतही बसायच्या जागी स्पंज शिवलेला होता, पण तो पुण्याचा.

"रस्ता तर मंडळाचा न्हाई ना?" मावशी म्हणाली. "मी माह्या माहेराला, पुसेगावला जाते."

त्या रविवारी मंडळ पुसेगावला निघालं आणि मावशी मागं, अंतर ठेवून. मी तेव्हा पुसेगावात पुंजामामांकडे, मावशीच्या थोरल्या भावाकडे आले होते. मंडळाचे चौघं ऐटीत चहाच्या टपरीवर उतरले. हापशावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले. एक आजीबाई तर पाठ फिरवून उभी राहिली. चौघांना एकदम कळलं की आपण गावात नुसत्या चड्डीवर आलोय. वकिलांनी हेल्मेट काढून पुढ्यात धरलं. हसू दाबताना माझ्या पोटात कळ आली.

पुंजामामा जयभीम करत पुढं झाले. "पाव्हणे, कपडे कुठं गेले? रस्त्यात तकलीफ झाली काय?"

तेवढ्यात मावशी येऊन उतरली. तिनं चौघांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही चांगली जिरवणार. पण ती म्हणाली, "दादा, हे माह्या गावचे हायेत. सेनगावचे."

झालं. आमच्याकडे लेकीच्या सासरगावचं माणूस म्हणजे सोयरा. तो रिकाम्या हातानं परत जात नाही. मामांनी चौघांना घरी नेलं आणि पेटी उघडली. लग्नाकार्यात आलेले टॉवेल-टोप्या कोणीच वापरत नाही, पुढच्या लग्नात पुढं सरकवतात, त्यामुळे पेटी गच्च भरलेली. मामांनी चौघांना चटईवर बसवून आमच्या बौद्ध रिवाजानं कुंकवाविना, पण मोठ्या मानानं आहेर केला. टोपी डोक्यावर, टॉवेल खांद्यावर. वकिलांचा टॉवेल खांद्यावर पळभरही राहिला नाही, थेट कमरेला गेला. बाकीच्यांचेही गेले. इतक्या मनापासून आहेर घेतलेला मी कुठल्या लग्नात पाहिला नाही.

आहेराची टोपी यजमानाच्या देखत उतरवता येत नाही. हेल्मेटं हँडलला लटकली आणि मंडळ परतीला लागलं. मला सेनगावला जायचं होतं म्हणून मी मावशीच्या मागं कॅरिअरवर बसले. मावशी नेहमीसारखी मुरमावरून.

गावाबाहेर वकील मागं रेंगाळले. "मावशी, पुढच्या रविवारी येताय ना?"

"माह्याकडं ड्रेस न्हाई."

वकिलांनी स्वतःच्या लाल पट्ट्याच्या टॉवेलकडे पाहिलं. "राहू द्या आता ड्रेसचं," ते म्हणाले.

मागून जीपचा हॉर्न वाजला. वकील सायकल दाबत मावशीच्या उजव्या हाताला आले, अगदी काकांच्या जागी. मावशीचे पाय पायडलवर थांबले. मला वाटलं, आता पडतो आपण.

"वकीलसाहेब, ती जागा..." ती म्हणाली. वकील गोंधळून बाजूला व्हायला लागले.

"ऱ्हावा तिथंच," मावशी म्हणाली. "टोपी सांभाळा, वारं हाय."

मग तिनं सायकल मुरमावरून डांबरावर घेतली आणि सेनगाव येईस्तोवर बोलत राहिली.