विहिरीच्या निकालातला चौथा मुद्दा

नव्वद सालच्या आसपास मी देवपुरात राहून धुळ्याच्या कोर्टात वकिली करत होते आणि दर रविवारी एका स्थानिक दैनिकात हायकोर्टाच्या एखाद्या निकालावर लिहीत होते. पद्धत ठरलेली: प्रकरण दोन ओळींत, मग मुद्दा एक, दोन, तीन, चार. किराण्याच्या यादीसारखं. वाचणाऱ्याला खूण करायला सोपं.

एका रविवारी विहिरीचा निकाल घेतला. पहिला मुद्दा, विहीर ज्याच्या वाट्यात, मालकी त्याची. दुसरा, वर्षानुवर्षं पाणी घेणाऱ्या भाऊबंदाला अडवता येत नाही. तिसरा, अडवलं तर मनाई हुकूम मागता येतो. चौथा, लेखी वाटणीपत्र असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी ते वाचा. चौथ्या मुद्द्याच्या जागी छापून आली साड्यांच्या सेलची जाहिरात. मी वहीत ‘संपादकांशी भांडणे’ असं टिपलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

पुढच्या शनिवारी सकाळी शिरपूरकडचे दोन सख्खे भाऊ एकाच एसटीने आले आणि माझ्या ओट्यावर दोन टोकांना बसले. दोघांच्या हातात तेच कात्रण. थोरल्याने पहिल्या मुद्द्याखाली लाल रेघ ओढलेली, धाकट्याने दुसऱ्याखाली निळी. आणि वकील म्हणून दोघांनाही मीच हवी होते.

“इहीर मन्या वाटामा शे, अक्का,” थोरला म्हणाला. “मालकी मनी, पेपरमा छापेल शे. म्हणून मोटरले कुलूप लायं.”

“त्याना खाले काय छापेल शे ते नही वाचं का, नाना?” धाकटा उसळला.

“तू कवयपासून वाचाले लागना रे?”

कुलूप कधी लावलं, मी विचारलं. रविवारी. म्हणजे माझा लेख वाचून. त्याआधी अकरा वर्षं दोघं पाळीने पाणी घेत होते, तंटा कधीच नव्हता.

“सहा दिन व्हयनात,” धाकटा म्हणाला. “मनी मिरची सुकी राह्यनी, अक्का. आज पानी नही भेटनं तर उद्या उपटीसन फेकनी पडी.”

आता मात्र मला वहीत टिपून भागणार नव्हतं. वाटणीपत्र आहे का, मी थोरल्याला विचारलं. त्याने पिशवी माझ्यापुढे उलटी केली. पोराचा शाळेचा दाखला, बैलाची पावती, कुणाची तरी पत्रिका, आणि मेणकापडात गुंडाळलेलं वाटणीपत्र. मी मोठ्याने वाचलं: विहिरीचं पाणी दोघांनी चार-चार दिवस पाळीने घ्यावं. खाली दोघांच्या सह्या.

थोरला माझ्यावरच घसरला. “मंग हाई पेपरमा काबर नही छापं?”

मी जाहिरातीचं सांगितलं.

“साड्यास्ना सेल देखीसन मी काय करू?”

“चूक आमची, नाना. पण किल्ली तुमच्याकडे आहे.”

किल्ली त्याने करदोट्याला बांधलेली. गाठ सुटेना. पोट आत ओढून तो बराच वेळ झटत राहिला. शेवटी धाकटाच उठला, या टोकाला आला आणि वाकून नखांनी गाठ सोडवू लागला. थोरल्याने हात वर धरले होते. किल्ली मिळताच धाकटा चहालाही न थांबता एसटीकडे पळाला.

थोरला ओट्याच्या कडेशी जाऊन ओरडला, “फुटव्हॉल्व्ह गळस! पहिले पाइपमा पानी भर, मंग बटन दाब!”