भाता घेऊन वेल्ह्याला

भोरहून निघालो तेव्हा नदीवर धुकं होतं आणि गाडीच्या मागच्या सीटवर डोक्यासकट एक रबरी छाती पडली होती. चालक साळुंकेमामांनी तिच्यावर टॉवेल टाकला. "वाटेत कुणी डोकावलं तर म्हणतील, गाडीत मडं हाय."

छाती माझ्या कामाची होती. मी विद्यापीठात शिकवते. शिक्षण यंत्रांचं झालं, नंतरची कितीतरी वर्षं डॉक्टरांबरोबर श्वासाच्या उपकरणांवर गेली, आणि आता ती उपकरणं साध्या माणसांना वापरायला कशी शिकवावीत याचा अभ्यास करते. "तुमचा विभाग नक्की कोणता हो?" असं सहकारी अजून विचारतात. या खेपेला बरोबर आमचा नवा भाता होता. श्वास बंद पडलेल्या माणसाला दवाखान्यात नेईपर्यंत हातानं हवेची पिशवी दाबून दाबून सोबतचा माणूस थकतो. लोहाराच्या भात्यासारखं पायानं दाबता आलं तर तो टिकेल, अशी आमची कल्पना. प्रयोगशाळेत भाता झकास चालला, आदल्या दिवशी भोरच्या वर्गातही चालला. डोंगरातलं गाव तेवढं राहिलं होतं.

भाटघरच्या धरणाची भिंत धुक्यात अर्धीच दिसली. नसरापूर सोडल्यावर ऊन वर आलं आणि दोन्ही बाजूंना कापणीची खाचरं (बांध घातलेली भातशेतं) पिवळी उजळली. विंझरच्या पुढं तोरणा समोर उभा राहिला तो शेवटपर्यंत हटला नाही. वेल्ह्याच्या बाजारात चहा आणि गरम वडे झाले, आणि आम्ही खिंडीच्या रस्त्याला लागलो. रस्ता अरुंद, खडी उखडलेली. दर खड्ड्याला मी मागं हात टाकून भाता सांभाळत होते.

गावात आशा सेविकेचं काम करणाऱ्या मंदाताई शाळेपाशी वाट बघत होत्या. उंच, सावळ्या, बोलायला सडेतोड. त्यांनी बायका जमवल्या होत्या. रबरी छाती बघून आधी सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या, मग एकेक पुढं आली. मास्क नाकातोंडावर घट्ट धरायचा, मान मागं करायची, दाबायचं, छाती वर आली का बघायचं. जुनी हाताची पिशवीही मी तुलनेसाठी आणली होती. भात्यावर पाय ठेवून मंदाताई म्हणाल्या, "बाई, ह्यो बरा हाय. हात मोकळं ऱ्हात्यात." मी मनातून फुगले.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी होती. दुसरी भाकरी मोडत होते तेवढ्यात खालच्या खाचरातून आरोळी आली. "मंदे! सुलीला पान लागलं!"

पान लागणं म्हणजे साप चावणं. सापाचं नाव इथं उघड घेत नाहीत.

सुलाबाईंना चौघांनी उचलून आणलं. तिशीतल्या असतील, साडीला भाताचं कुसळ चिकटलेलं, घोट्यापाशी सूज. पेंढी उचलताना नाग डसला होता. मंदाताईंनी पायाला दोरी बांधू दिली नाही. पाय हलू नये म्हणून फळी बांधली आणि म्हणाल्या, "गाडी काढा."

सुलाबाईंच्या सासूबाई, कोंडाबाई, आडव्या आल्या. "न्हाई. आदी देवळात. माझ्या सासऱ्याला तितंच उतार पडला व्हता."

"आत्या, वेल्ह्याच्या दवाखान्यात इखावरची लस हाय. देवाला हितनंच हात जोडा."

"वाटंत काय झालं म्हंजे? कोन जबाबदार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. परक्या बाईनं काय हमी द्यायची? मी म्हणाले, "आजी, हमी मी देऊ शकत नाही. पण त्यांच्या पापण्या बघा."

कोंडाबाई वाकल्या. सुलाबाई डोळे उघडायचा प्रयत्न करत होत्या आणि पापण्या अर्ध्यावरून खाली येत होत्या. "आत्याबाई" म्हणायला गेल्या तर जीभ जड झालेली. म्हातारी ताठ झाली. "घाला गाडीत," म्हणाली, आणि स्वतः पुढं साळुंकेमामांच्या शेजारी जाऊन बसली.

रबरी छाती शाळेतच राहिली. मागं मी, मंदाताई आणि आमच्या मांडीवर सुलाबाई. नागाचं विष स्नायू लुळे पाडतं. आधी पापण्या, मग मान, मग छातीचे स्नायू. हे मी कितीदा फळ्यावर लिहिलंय. मांडीवर घडताना बघणं वेगळं होतं. खिंड ओलांडली तेव्हा त्यांचा श्वास उथळ झाला, आणि उतार लागल्यावर दिसेनासाच झाला. ओठ काळवंडले.

मास्क मी धरला, भात्यावर मंदाताईंचा पाय. छाती वर आली. पुन्हा आली. ओठांवर रंग परतायला लागला. त्या क्षणी, खरं सांगते, मला आनंद झाला तो भाता चालल्याचा.

पुढच्या उतरणीला गाडी जोरात आदळली. मंदाताई पाय दाबत होत्या, पण छाती उठेना. मी मास्क पुन्हा बसवला, मान पुन्हा मागं केली. काही नाही. मग भात्यातून येणारी शीळ ऐकू आली. आतली झडप अडकली होती. धुळीनं की धक्क्यानं, बघायला वेळ नव्हता.

"ही गेली," मी ओरडले. "काही उपयोग नाही आता. काढा, ठेवा बाजूला!"

"आन् आता?"

"पिशवी! जुनी पिशवी द्या!"

ती पायाखाली घरंगळली होती. मंदाताईंनी चाचपडून काढली. मी दाबायला लागले, मंदाताईंनी दोन्ही हातांनी मास्क धरला. छाती उठली. तेवढ्यात वळणावर समोरून एसटी आली. दोन गाड्या मावतील एवढा रस्ताच नव्हता. साळुंकेमामांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "पान लागलंय! मागं घ्या!" एसटी इंच इंच मागं सरकायला लागली. खिडक्यांत चेहरेच चेहरे. माझी बोटं सुन्न झाली, तेव्हा मंदाताईंनी पिशवी घेतली आणि मी मास्क धरला. पुढच्या सीटवरून कोंडाबाई मागं न बघता सारख्या बोलत होत्या. "सुले, वढा आला बग. सुले, आंब्याचं झाड आलं. आलंच वेल्हं." मला वाटलं, म्हातारीचं भान सुटलंय.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्नही वाया घालवला नाही. सलाईनमधून लस सुरू झाली, पिशवी परिचारिकेच्या हातात गेली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. चहा आला. कोंडाबाई बोलायच्या थांबल्या होत्या आणि ते जास्त वाईट वाटत होतं. ऊन तोरण्यावरून उतरलं, तेव्हा डॉक्टरीणबाई दारात आल्या. "बोट हलवलं. स्वतःचा श्वास घ्यायला लागल्यात." कोंडाबाईंनी माझ्या पाठीवर जोरात एक थाप मारली आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या.

रात्र वेल्ह्यातच काढली. सकाळी भेटायला गेले तर सुलाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज बसलेला.

"तुमीच न्हवं का गाडीतल्या बाई?"

"हो."

"‘ही गेली, ठेवा बाजूला’ आसं का वं म्हनलात?"

मी खाटेजवळ वाकले.

"समदं ऐकू येत व्हतं मला," त्या म्हणाल्या. "डोळं उघडंनात, बोट हालंना. म्या आतनं वरडत व्हते, आवं जित्ती हाय म्या! वाटलं, आता रस्त्याच्या कडंला ठिवत्यात."

"सुलाबाई, ते मी झडपेला म्हणाले. यंत्रातली झडप गेली होती."

"मंग तसं सांगायचं की," त्या म्हणाल्या. राग नव्हता आवाजात. मग कोंडाबाईंकडे मान वळवून म्हणाल्या, "आत्याबाई वढा आला म्हनल्या, आंबा आला म्हनल्या. म्हनलं, वेल्ह्यापातूर दम धरू."

विष स्नायूंना लुळं करतं, शुद्धीला नाही. हे मला ठाऊक होतं. तरीही आमच्या एकाही धड्यात, निपचित पडलेल्या माणसाशी बोला, असं एक वाक्य नव्हतं. यंत्रं केली, दवाखान्यांत तपासली, शिकवण्याच्या पद्धती बसवल्या. आणि अख्ख्या घाटात मी बोलले ती झडपेशी.

परतताना नसरापूरच्या पुढं प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचा फोन आला. "मॅडम, भाता चालला का?"

"थोडा वेळ. मग झडप अडकली. बदलावी लागेल."

"मग दौरा फुकटच म्हणायचा."

"सुलाबाई उठून बसल्यात," मी म्हणाले.

मग त्यानं विचारलं, "कोण सुलाबाई?"

मी सांगायला लागले. साळुंकेमामांनी न सांगता गाडीचा वेग कमी केला. खेड-शिवापूर आलं, गेलं, आणि सांगता सांगता मी अजून खाचरापाशीच होते.