पाचवा गडी

लेकीने आईकडे पहिल्यांदा नीट लक्ष दिलं तेव्हा आई मरत होती. त्या दुपारी सहाव्यांदा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, शत्रूच्या मनोऱ्याखाली उभी राहून मरत होती आणि हेडफोनमधून विचारत होती, "अगं, हा मनोरा माझ्याच का मागे लागलाय? मी काय घोडं मारलंय त्याचं?"

"आई, जवळ गेलं की तो मारतो. सगळ्यांनाच मारतो."

"मग तशी पाटी तरी लावायची."

आई पुरुषांचे केस कापते. तिच्या स्वतःच्या वडिलांच्या मागे तिच्याकडे आलेलं दोन खुर्च्यांचं दुकान; त्यातली एक खुर्ची वर-खाली होते, दुसरी फक्त खाली. सुरुवातीला गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "मालक कुठेत?" आई म्हणायची, "बसा, येतीलच," आणि तोवर म्हणून कात्री हातात घ्यायची. मालक कधी आले नाहीत, गिऱ्हाइकं मात्र टिकली. नवऱ्याच्या माघारी याच खुर्च्यांच्या जिवावर तिने लेकीला शिकवलं.

शिकलेली लेक लांबच्या शहरात विमा कंपनीत लागली आणि मायलेकींचं बोलणं फोनवर आलं. "जेवलीस?" "हो. तू?" "हो." मग दोघीही आपापल्या भिंतीकडे बघत बसायच्या. एकदा आई तिच्याकडे राहायला गेली, तर रविवारी पलीकडच्या खोलीतून लेकीचं खिदळणं, ओरडणं, शिव्यासुद्धा ऐकू आल्या. कधी न पाहिलेल्या चार माणसांबरोबर ती ऑनलाइन खेळत होती.

"माझ्या वाट्याला नुसता हो," आई म्हणाली, "आणि त्यांच्या वाट्याला अख्खी पोरगी?"

पुढे त्या पाचांतल्या एकाला बाळ झालं आणि तो गळाला. आईने लगेच फोन केला. "मला घ्या."

संघाचा म्होरक्या दंतवैद्य होता. आई त्याला दातवाला म्हणायची, तेही तोंडावर. त्याने तीन रविवार दिले. "तोवर जमलं नाही तर काकू, आम्ही दुसरं कुणी बघू." लेकीने मनात हिशेब केला, तीन रविवार लाज काढायची, मग सुटका.

खेळ सांगायला सोपा आहे. पाच जण इकडे, पाच तिकडे, आणि समोरच्यांचा किल्ला पाडायचा. प्रत्यक्षात नवख्याला बरेच दिवस आपण कुणाला मारलं, आपल्याला कुणी मारलं आणि त्या गर्दीतले आपण नेमके कोण, हेच कळत नाही. मेलं की थोड्या वेळाने परत जिवंत होता येतं, म्हणजे पुन्हा मरायला मोकळे. हरलं की दोष नवख्याचा, जिंकलं तर त्याचा विषय कुणी काढत नाही.

आईने एक जुना कॉम्प्युटर दुकानातच मांडला; दुकान रिकामं असेल तेव्हा ती अनोळखी लोकांबरोबर सराव करायची. एकाने लिहिलं, "गाढवा, गेम डिलीट कर." आईने एकेक अक्षर शोधत उत्तर दिलं, "हो. हा डाव संपला की." डाव मधेच सोडता येत नाही, ही एकच गोष्ट तिला पहिल्या फटक्यात पटली. अर्धं डोकं कापून कुणी उठतं का?

संघात तिला वैद्याचं काम दिलं. मारामारी इतरांनी करायची, हिने मागे राहून जखमी झालेल्यांना बरं करायचं. पण पहिले दोन रविवार संघ सपाटून हरला, कारण आई नंबर लावायची. दुकानात आधी येईल त्याचं डोकं आधी, मग दारात आमदार का उभा असेना. इथेही तेच. कुणी साधा ओरखडा घेऊन आधी आला की त्याचं निगुतीने सगळं करायचं, आणि शेजारी दातवाला शेवटचे श्वास मोजतोय.

"काकू, मी मरतोय!"

"तुम्ही नंतर आलात."

"आई, नंबर कसले लावतेस!" लेक किंचाळली.

"ओळखीच्याला आधी घेतलं की धंदा बसतो, बाई."

दुसऱ्या रविवारी हरल्यावर लेकीने फोन केला. नेहमीचा "जेवलीस?" राहूनच गेला. दोघी तासभर भांडल्या, मग त्या मनोऱ्यावरून हसत सुटल्या. फोन ठेवल्यावर लेकीच्या लक्षात आलं की आपल्याला सुटका नकोच आहे. आई संघातून गेली की पुन्हा त्या भिंती.

तिसऱ्या रविवारी डाव अगदी काठावर आला. शत्रूच्या किल्ल्यासमोर तुंबळ चाललं होतं. लेक जबर जखमी होऊन आईजवळ आली. मागोमाग दातवाला आला, तोही जेमतेम जिवंत. किल्ला पाडण्याची ताकद एकट्या त्याच्यात होती, आणि आईच्या हातात एकालाच वाचवण्यापुरता वेळ.

"आई, मी आधी आलेय!" लेक ओरडली.

"दिसतंय. थांब जरा," आई म्हणाली आणि तिने दातवाल्याला बरं केलं.

लेक मेली. दातवाल्याने किल्ला पाडला. हेडफोनमध्ये एकच गिल्ला झाला.

"पोटच्या पोरीला मरू दिलंस?"

"तू काय, परत येतेस. किल्ला कुठे सारखा सारखा पडतो?"

"काकू," दातवाला म्हणाला, "पुढच्या रविवारी जरा लवकर या."

याला आता दोन वर्षं झाली. खेळातल्या क्रमवारीत आई खालून दुसऱ्या पायरीवर आहे, आणि दुकान रविवारी दुपारी बंद असतं.