कोरड्या भाकरीवरची काळी कॉफी

आठ पाहुण्यांनी प्राजक्ताच्या काळ्या कॉफीचा पहिला घोट घेतला आणि कोणाच्याच चेहऱ्यावर काही उमटलं नाही. नागपूरच्या टूर कंपनीच्या मिताली मॅडमनी कप हळूच टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "गरम आहे, छान."

कॉफीबद्दल याहून वाईट शेरा मी सगळ्या नोकरीत ऐकला नव्हता.

मी कॉफी टेस्टर होते. चिकमगळूरच्या बाजूला, जिथे कॉफीच्या बिया साफ करून त्यांची प्रत ठरवतात, तिथल्या लॅबमध्ये. आमच्या कामाला कपिंग म्हणतात. दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओतायचं, थोडं थांबायचं, मग चमचाभर कॉफी फुर्रकन आवाज करत ओढायची. म्हणजे ती जिभेवर सगळीकडे पसरते. चव कळली की थुंकायची. तरुणपणी मला माझ्या जिभेचा भारी ताठा होता. कांदा खात नसे, पावडर लावत नसे, लग्नाच्या पंगतीत वरण आधी हुंगत असे. नातेवाईक मला लांबच्या पाटावर बसवायचे. शहाणे लोक.

रिटायर होऊन वर्ध्याला परतले, तेव्हा शेजारची प्राजक्ता माझ्याकडे कॉफी शिकायला येऊ लागली. लग्न होऊन देवळीला गेली आणि सासरच्या घरातल्या पुढच्या गाळ्यात तिने छोटा कॅफे काढला. गावाने तो एकदा बघून घेतला आणि पुन्हा चहाच्या टपरीवर गेला. सासरे वामनराव वाईट माणूस नव्हेत, पण दिवाळीनंतर गाळा खताच्या दुकानाला द्यायचं त्यांच्या मनात पक्कं होतं. एकच आशा होती. मिताली मॅडमची कंपनी रविवारची कॉफी ट्रेल काढणार होती. एका फेरीत नव्या-जुन्या तऱ्हेच्या कॉफ्या चाखत फिरायचं. आधी देवळीत प्राजक्ताची काळी, मग वर्ध्याला अण्णांच्या हॉटेलातली फिल्टर कॉफी. हा रविवार ट्रायलचा. पसंत पडलं तर दर रविवारी गाडी येणार, आणि कॅफे राहणार.

क्रम मी लावला होता. हलकी काळी कॉफी नेहमी आधी. दूध, साखर, मसाला नंतर. मग बिघडलं कुठे?

मी मिताली मॅडमच्या जवळ वाकले. लॅबमध्ये अख्खं आयुष्य गेलंय, वास लपत नाही. जायफळ.

झालं होतं असं. मी ड्रायव्हरला गाडी लावायची जागा दाखवत होते, तेवढ्यात वामनराव दारात उभे. गावात आलेला पाहुणा घर ओलांडून दुकानात जाईल कसा? त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि कुसुमबाईंनी, म्हणजे प्राजक्ताच्या सासूबाईंनी, दाट दुधाची, जायफळ उगाळलेली गोड कॉफी भरभरून पाजली. आग्रहाने दुसऱ्यांदासुद्धा. तिच्यानंतर जिभेवर असा साय-जायफळाचा लेप बसतो, की काळी कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी.

पंचविशीतली मी असते तर तिथेच जायफळाविरुद्ध भाषण ठोकलं असतं. एकदा ठोकलंही होतं, माझ्या सासूबाईंसमोर. नंतर त्या घरात मला बरेच दिवस फक्त चहा मिळाला.

प्राजक्ता ओट्याआड उभी होती. हळूच म्हणाली, "आजी, संपलं का हो?"

मी तिला सांगितलं, नवीन बिया दळायला घे, आणि घरात ज्वारीची भाकर असेल तर माग. कोरडी. मीठ-तेल काही नको. कोरडी भाकर सावकाश चावली की जीभ पुसल्यासारखी होते. लॅबमध्ये आम्ही बिनमिठाची बिस्किटं ठेवायचो, काम तेच.

भाकर आली. मागोमाग वामनराव आले, हातात ठेच्याची वाटी.

"काकू, पाहुण्याइले कोरडी भाकर देऊन राह्यल्या तुमी? गाव काय म्हनन मले?"

"वामनराव, ठेचा नको."

"काऊन नको? घरचा हाय जी."

घरचा होता तीच तर भीती. एक बोट चाटलं असतं तर संध्याकाळपर्यंत कोणाला चव लागली नसती. दोन-तीन पाहुण्यांचे हात वाटीकडे निघालेसुद्धा. या माणसाला नाही म्हणून उपयोग नव्हता, त्याला काम द्यायला हवं होतं. मी वाटी त्यांच्या हातातून घेतली, खुर्ची ओढली आणि म्हटलं, घरचा मोठा माणूस आधी चाखेल, मग पाहुणे. असा नियमच आहे.

असा कुठलाही नियम नाही.

वामनराव बसले. भाकरीचा तुकडा चावला, पाणी प्यायले. सुनेने कप पुढे केला. दुकान उघडल्यापासून त्यांनी तिची कॉफी प्यायली नव्हती. त्यांनी बशी मागितली, कॉफी तिच्यात ओतली आणि असा फुर्रका मारला की माझ्या जुन्या साहेबांनी मान डोलावली असती. मिताली मॅडम हसू दाबत होत्या. मी म्हटलं, दाबू नका, आमच्या धंद्यात असंच पितात. मग आठही जणांनी भाकर चावली आणि बशा मागितल्या. गाळाभर फुर्रफुर्र सुरू झाली.

प्राजक्ता सासऱ्यांकडेच बघत होती. त्यांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा.

"कडू हाय," ते म्हणाले. "मंग मागून संत्र्याच्या सालीवानी लागते. हे तुया हातचं हाय?"

"हो, बाबा."

"मंग मले आतालोक काऊन नाई दिली?"

"तुम्ही मागितलीच नाही."

यावर त्यांनी बशी पुढे केली. मिताली मॅडमनी तिथेच उभ्या उभ्या दर रविवारचं पक्कं केलं. अट एकच घातली. कुसुमबाईंची कॉफीही ट्रेलमध्ये हवी, पण नंतर. आता पाहुणे आले की ओसरीवर घरचं पाणी पितात, वामनरावांचा मान राहतो. मग काळी, मग जायफळाची. शेवटी वर्ध्याला अण्णांची फिल्टर. तिच्यात चिकोरीची भाजलेली कडू मुळी असते, ती जायफळाला भीत नाही. खताच्या दुकानाला बसस्टँडजवळ गाळा मिळाला. वामनराव रविवारी भाकर वाटतात आणि बशीतून प्यायचं कसं ते नागपूरच्या लोकांना दाखवतात.

कॉफी चाखायला शिकवणं सोपं आहे. यजमानाला आवरणं मला ना सासरी जमलं, ना नोकरीत. हल्ली मी त्याला खुर्ची देते.