जगापासून लपली, शेजाऱ्याले सापडली

बायांनो, आज सकाळी नळावर शेजारच्या दारूवाल्याची बायको सगळ्यायसमोर मले म्हणे, "काकू, आमच्या भट्टीचा फोटो झकास काढला हो तुम्ही!"

माह्या हातातली बादलीच सुटली.

त्या हातभट्टीची तक्रार मी कालच फोटो जोडून पोलिसायले निनावी पाठवलती. पोरीनं लॅपटॉपात नाव-पत्ता लपवणारं सॉफ्टवेअर टाकून देल्लं होतं. पोलिसायलेही माहीत नाही कोणी पाठवली, मंग हिले कसं कळलं?

घरी येऊन पोरीले विचारलं. तिनं लॅपटॉप पाहून कपाळावर हात मारला. आमच्या अन् दारूवाल्याच्या घरात वायफाय एकच, शेजारधर्म म्हणून. अन् प्रिंटर चालावा म्हणून तिनं फायरवॉलमध्ये, म्हणजे लॅपटॉपाच्या राखणदारात, त्या वायफायवरच्या सगळ्यायले आत यायची परवानगी देल्ली होती. माह्या फोटोचं फोल्डर त्यायले उघडंच दिसून राह्यलं होतं.

"आई, ते सॉफ्टवेअर बाहेरच्यापासून लपवते. आपल्याच वायफायवाल्यापासून नाही."

मले बाहेरच्याचं कायचं भेव? भेव तर भिंतीपल्याडच्याचंच होतं!

आता लपून काय करू? उद्या नाव सांगून ठाण्यात जाते. नळावर तुमच्यातल्या ज्या माना खाली घालून उभ्या होत्या, त्यातली कोण येते माह्यासंग?