गुलफामच्या रक्तातली चरबी

तेल्हाऱ्यात गाद्या शिवणाऱ्या गुलफामचे अब्बा हृदयविकाराने गेले होते. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात तिचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, त्यामुळे ती धसकली. तिने तूप, अंडी, शेंगदाणे, सगळं बंद केलं. पुढे बाळाची वाढ मंदावली, तेव्हा नवरा मुजम्मिल तिला अकोल्याला घेऊन गेला.

डॉक्टर नीलमताईंनी विचारलं, "जेवण काहून तोडलं?"

"अब्बाले याच चरबीनं नेलं ना, मॅडम."

"हे तसं नाही. पोटुशी बाईच्या रक्तात ही चरबी आपोआप वाढते. बाळाचा मेंदू, कातडी घडायले ती लागते. फार कमी पडली तर बाळ हलकं राहू शकते. तू नीट जेव, बाळंतपणानंतर पुन्हा तपासू."

गुलफाम पोटाकडे पाहतच राहिली. ती मशीनवर बसली होती, झोपली होती, भीत होती, आणि तिला न विचारता तिचं शरीर आतल्या जिवासाठी सामान जमवत होतं.

ती पुन्हा पोटभर जेवू लागली. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. नर्सने कुशीत दिल्यावर गुलफाम तिच्या इवल्याशा कपाळावर हात ठेवून तिला न्याहाळत होती.

"काय पाहून राहिली?" मुजम्मिलने विचारलं.

"ही माह्यातूनच घडली," ती हळूच म्हणाली, "अन् मले पत्ताच नव्हता."